किराणा यादीवरून आहारशिक्षण : एका ऑनलाइन साधनाचा आराखडा

तोलकाटा (कोथरूड)

नमस्कार.

कोथरूडमधल्या आमच्या वसाहतीत एक लहानसा ग्राहक गट आहे. मार्केट यार्डाच्या भुसार बाजारातून धान्य-कडधान्य एकत्र आणायचे आणि सभासदांत वाटायचे, एवढाच त्याचा आजवरचा व्यवहार. ग्राहक पंचायतीची चळवळ बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली याच शहरात सुरू केली, त्यामुळे असे गट पुण्याला नवे नाहीत. आता गटातल्या तरुण सभासदांचे म्हणणे असे पडले की धान्य पोहोचवून थांबू नये. कोणत्या घराने काय आणि किती घ्यावे याचीही समज द्यावी, आणि ती व्याख्यानातून किंवा पत्रकातून न देता मोबाइलवर चालणाऱ्या एखाद्या साधनातून द्यावी, ज्यात आपल्या घरची माहिती भरली की आपल्याच घरापुरते उत्तर मिळेल. त्या साधनाचा आराखडा करण्याचे काम माझ्याकडे आले आहे, म्हणून हा धागा.

सध्या उपलब्ध असलेली साधने चाळून पाहिली, तेव्हा ढोबळमानाने दोन जाती दिसल्या. पहिली प्रश्नमंजूषेची. ‘क जीवनसत्त्व कशात असते’, ‘लोह कशातून मिळते’ असे प्रश्न, चार पर्याय, बरोबर उत्तराला टाळ्यांचा आवाज. यातून सामान्यज्ञान वाढत असेल, परंतु आवळ्यात क जीवनसत्त्व असते हे ठाऊक नसल्यामुळे कोणाचे ताट बिघडले आहे, असे मला वाटत नाही. दुसरी जात रोजनिशीची. सकाळपासून रात्रीपर्यंत पोटात गेलेला प्रत्येक घास नोंदवायचा आणि यंत्राने कॅलरी मोजून द्यायच्या. राष्ट्रीय पोषण संस्थेचे ‘न्यूट्रिफाय इंडिया नाऊ’ हे या जातीतले भारतीय पदार्थांसाठी केलेले ॲप आहे आणि त्यामागची माहिती भक्कम आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याने ‘सुपरट्रॅकर’ नावाचे असेच एक भले मोठे संकेतस्थळ डिसेंबर २०११ मध्ये सुरू केले होते. ते ३० जून २०१८ रोजी बंद करण्यात आले, आणि त्यानंतर त्याच खात्याने २०२० साली जे ॲप आणले त्यात घासागणिक नोंदीऐवजी दिवसाला एखादे छोटेसे उद्दिष्ट निवडण्यावर भर होता. हा बदल मला बोलका वाटतो.

रोजनिशीची अडचण अशी की आपल्याकडे जेवण पातेल्यात शिजते आणि पातेल्यातूनच वाढले जाते. ‘एक वाटी फ्लॉवरची भाजी’ असे भरले की यंत्र एक आकडा देते, परंतु त्या वाटीत किती तेल आहे हे फोडणी करणाऱ्या हातावर अवलंबून असते, आणि तो हात यंत्राला दिसत नाही. एक ग्रॅम तेलात ९ कॅलरी असल्यामुळे सगळा हिशेब तिथेच फसतो. शिवाय वाटी म्हणजे कोणती? लग्नात आहेर म्हणून आलेली लहान वाटी आणि आमटीची खोलगट वाटी यांत जवळजवळ दुपटीचा फरक असतो.

म्हणून माझा प्रस्ताव असा आहे की आपण ताट मोजूच नये. महिन्याची किराणा यादी मोजावी. ती यादी प्रत्येक घरात तयार असते, तिच्यातली वजने छापील असतात, आणि तिच्यात लपवाछपवी करण्याचे कोणाला कारण नसते. राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी सुधारित आहारमार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत २००० कॅलरींचे एका दिवसाचे नमुना ताट दिले आहे : तृणधान्ये २५० ग्रॅम, डाळी-कडधान्ये ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम (त्यांत पालेभाजी १०० ग्रॅम), फळे १०० ग्रॅम, दूध किंवा दही ३०० मिलिलिटर, तेलबिया व सुकामेवा ३५ ग्रॅम आणि तेल-तूप मिळून २७ ग्रॅम. हे आकडे कच्च्या मालाचे आहेत, म्हणजे नेमके वाण्याच्या भाषेतले.

आता चार प्रौढ माणसांच्या घराचा ३० दिवसांचा हिशेब करून पाहा. तेल-तुपाचे ३ किलो २४० ग्रॅम होतात. एका लिटर तेलाचे वजन सुमारे ९१० ग्रॅम धरले तर हे साडेतीन लिटरच्या आसपास जाते, आणि त्यातच तूपही आले. मिठाची कमाल मर्यादा माणशी रोज ५ ग्रॅम असल्याने महिन्याला ६०० ग्रॅम, म्हणजे मिठाची एक किलोची पिशवी पन्नास दिवसांच्या आत संपता कामा नये. आणि डाळी-कडधान्ये? १० किलो २०० ग्रॅम. हा शेवटचा आकडा मी गटाच्या बैठकीत सांगितला, तेव्हा ‘एवढी डाळ आमच्याकडे चार महिन्यांतसुद्धा संपत नाही’ असे उत्तर एका सुरात आले. माझ्या मते शिक्षण तिथे झाले, आणि त्याला पाच मिनिटे पुरली.

साधन यापेक्षा फारसे मोठे नसावे, अशी माझी इच्छा आहे. जाणकारांनी त्रुटी दाखवाव्यात.

मेतकूट (औंध)

मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. कल्पना आवडली, आणि ती आवडल्यामुळेच तिच्यातली सर्वांत मोठी उणीव आधी सांगते. किराणा यादी घराची सरासरी सांगते. ताटात कोणाच्या काय पडले ते सांगत नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. या सगळ्या स्त्रियांच्या घरी पालेभाजी आणि कडधान्ये येतच नसतील, असे मुळीच नाही. सगळ्यांचे झाल्यावर तळाशी उरलेल्या रश्श्यात पोळी बुडवून जेवण उरकणारी बाई तुमच्या हिशेबात पूर्ण ८५ ग्रॅम डाळीची धनी ठरेल. तेव्हा यादीच्या हिशेबानंतर साधनाने एक तरी प्रश्न असा विचारावा : उसळ किंवा आमटी घट्ट कोणाला वाढली जाते आणि पातळ कोणाला? हा प्रश्न बोचरा आहे, पण माझ्या अनुभवात सल्ल्याची खरी गाडी तिथूनच पुढे सरकते.

दुसरी गोष्ट माणसांच्या मोजणीची. चार माणसे म्हणजे चार सारखी ताटे नव्हेत. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार बैठे काम करणाऱ्या ६५ किलो वजनाच्या पुरुषाची ऊर्जेची गरज दिवसाला २११० कॅलरी धरली आहे आणि बैठे काम करणाऱ्या ५५ किलोच्या स्त्रीची १६६०. याउलट अंगमेहनतीचे काम असेल तर पुरुषाची गरज ३४७० पर्यंत जाते. तुम्ही २००० कॅलरींचे ताट सरसकट चाराने गुणले, तर आयटीतल्या नवराबायकोच्या घरात धान्य जास्त दाखवले जाईल आणि बांधकामावर जाणाऱ्याच्या घरात कमी. वय, लिंग आणि कामाचे स्वरूप एवढे तीनच प्रश्न विचारून प्रत्येक माणसाला एक गुणक द्यावा. मीठ आणि साखर यांना मात्र हा गुणक ‘वाढवण्याच्या’ दिशेने लावू नये. ती मर्यादा आहे, गरज नव्हे.

तिसरी गोष्ट सूचनेची. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना, गरोदर स्त्रियांना, इन्शुलिन घेणाऱ्यांना आणि लहान मुलांना हे साधन लागू नाही, हे पहिल्याच पानावर ठळक असावे. डाळी वाढवा हा सल्ला निरोगी घराला उत्तम आहे, परंतु मूत्रपिंडे अधू झालेल्या माणसाने तो यंत्रावरून उचलला तर अपाय होईल. कमी सोडियमच्या मिठाचेही तेच; त्यात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते, आणि ते अशा रुग्णांना धोक्याचे ठरू शकते.

मांसाहारी घरांचा उल्लेख राहिला आहे. डाळींचा काही वाटा अंडी, मासे किंवा मांसाने भरून काढता येतो, त्याची सोय हवी. नाहीतर कसबा पेठेतल्या मासे खाणाऱ्या घराला साधन विनाकारण नापास करील.

कळफलक (हिंजवडी)

तांत्रिक बाजूने बोलतो. हे सगळे एका साध्या वेबपानावर बसते. सर्व्हर नको, लॉगिन नको, मोबाइल क्रमांक नको. हिशेब वापरणाऱ्याच्या फोनवरच व्हावा आणि पान बंद केले की माहिती नाहीशी व्हावी. घरात मधुमेही किती आणि दारूवर खर्च किती, असले काही साठवायला लागलो की २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्याच्या जबाबदाऱ्या अंगावर येतात, आणि त्या पेलण्याची गटाची तयारी नसणार.

मला स्वतःला यादीपेक्षा पाकिटावरचे लेबल हे शिकवण्याचे अधिक चांगले ठिकाण वाटते. पाकीटबंद पदार्थांवर पोषणमूल्ये १०० ग्रॅममागे छापलेली असतात, आणि दिवसाच्या गरजेतला वाटा ‘प्रत्येक सर्व्हिंगमागे’, म्हणजे उत्पादकाने एका वेळचा म्हणून ठरवलेल्या भागामागे, टक्क्यांत असतो. हे टक्के कशाच्या तुलनेत, ते २०२० च्या लेबलविषयक नियमांत ठरलेले आहे : २००० कॅलरी, ६७ ग्रॅम स्निग्ध पदार्थ, त्यांतले संपृक्त २२ ग्रॅम, वरून घातलेली साखर ५० ग्रॅम आणि सोडियम २००० मिलिग्रॅम. समजा, एका बिस्किटात १०० ग्रॅममागे २४ ग्रॅम साखर घातलेली आहे आणि सर्व्हिंग २५ ग्रॅमचे ठरवलेले आहे. पाकिटावर ‘१२ टक्के’ असा सोज्वळ आकडा येईल. प्रत्यक्षात चहाबरोबर चार माणसे मिळून पाकीट संपवतात की एकटा माणूस कामाच्या नादात शंभर ग्रॅम उडवतो, हे पाकिटाला ठाऊक नसते. शंभर ग्रॅम खाणाऱ्याच्या पोटात २४ ग्रॅम साखर गेली, म्हणजे ४८ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शनात अशी साखर एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत ठेवावी आणि ५ टक्क्यांच्या आत ठेवल्यास अधिक लाभ, असे म्हटले आहे. २००० कॅलरींना हे अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅम होतात. पाकिटावरचा टक्का सैल मर्यादेवर बेतलेला आहे. कडक मर्यादेने पाहिले तर त्याच माणसाचा दिवसभराचा कोटा बिस्किटांतच जवळजवळ संपला.

साधनात एक सरकपट्टी द्यावी. पाकिटावरचा १०० ग्रॅमचा आकडा भरायचा, ‘मी खरोखर किती खातो’ तिथे पट्टी सरकवायची, आणि समोर साखरेचे चमचे वाढताना दिसावेत. सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणले की मीठ मिळते, हाही हिशेब यंत्राने करावा; फरसाणाच्या पाकिटावर ८०० मिलिग्रॅम सोडियम वाचून कोणाच्या डोळ्यांसमोर काही उभे राहत नाही, पण शंभर ग्रॅममागे दोन ग्रॅम मीठ म्हटले की राहते.

बारकोड वाचून माहिती आपोआप आणावी, असे कोणीतरी सुचवणारच, म्हणून आधीच लिहितो. ‘ओपन फूड फॅक्ट्स’ हा २०१२ साली फ्रान्समध्ये सुरू झालेला खुला माहितीसंच आहे आणि त्यात कोणालाही भर घालता येते. परंतु आपल्या भागातल्या बेकरीची खारी, घरगुती लाडू, सुटा चिवडा यांना बारकोडच नसतो. तिथे हाताने आकडे भरणे किंवा अंदाज करणे याला पर्याय नाही.

जुना पेठकर (सदाशिव पेठ)

धागाकर्त्यांचा उत्साह वाखाणण्यासारखा आहे. परंतु आमच्या आईने कोणतेही साधन न वापरता आम्हां भावंडांना ज्वारीची भाकरी, झुणका आणि ताकावर वाढवले व सगळे धडधाकट निघाले. ज्याला पथ्य पाळायचे तो पाळतो, ज्याला मिसळ खायची तो रविवारी सकाळी रांगेत उभा राहतोच. माहितीच्या अभावी कोणी साखर खात नाही. साखर गोड लागते म्हणून खातो. या यंत्राने नेमके कोणाचे वागणे बदलणार आहे, याचे उत्तर मिळाल्यास बरे होईल.

तोलकाटा

पेठकर काका, प्रश्न रास्त आहे आणि त्याला टाळून पुढे जाता येणार नाही. निव्वळ माहितीने वागणे बदलत नाही, हे मान्य. परंतु स्वतःच्या आकड्यांवर बेतलेल्या सल्ल्याने काही प्रमाणात बदलते, याला आधार आहे. ‘फूड फोर मी’ या नावाने युरोपातल्या सात देशांत सोळाशेहून अधिक प्रौढांवर इंटरनेटद्वारे एक प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. काहींना ठरावीक छापाचा सल्ला दिला, काहींना त्यांच्या स्वतःच्या आहारनोंदीवरून, काहींना त्यात रक्त-वजनाची भर घालून, तर काहींना जनुकांची तपासणीही जोडून. सहा महिन्यांनी पाहिले तेव्हा स्वतःच्या माहितीवरून सल्ला मिळालेल्यांचा आहार छापील सल्ला मिळालेल्यांपेक्षा अधिक सुधारला होता. मौज अशी की रक्ततपासणीची किंवा जनुकांची भर घातल्याने त्यात आणखी वाढ झाली नाही. महागड्या तपासणीची जोड देऊन आहारसल्ला विकणाऱ्यांनी ही बाब ग्राहकांना कधी सांगितल्याचे माझ्या पाहण्यात नाही. आपल्या दृष्टीने अर्थ एवढाच की ‘माझ्या घरचे साडेपाच लिटर तेल’ हा आकडा ‘तेल कमी खावे’ या वाक्यापेक्षा अधिक काम करतो. युरोपातले निष्कर्ष पुण्यात जसेच्या तसे उतरतील, असा माझा दावा नाही.

आपल्या आईंच्या स्वयंपाकाबद्दल बोलायचे तर भाकरी, झुणका आणि ताक हे ताट वरच्या आकड्यांत चांगले बसते. तिथे हे साधन गप्पच बसेल.

मेतकूटताई, गुणकाची सूचना आणि पहिल्या पानावरची सूचना दोन्ही घेतो. घट्ट-पातळचा प्रश्नही घेतो, परंतु तो हिशेबाच्या शेवटी ठेवावा असे मला वाटते. सुरुवातीलाच विचारला तर सासू-सून एकत्र बसून पान भरत असतील तिथे फोन खाली ठेवला जाईल.

कळफलक, सरकपट्टी मान्य. लॉगिन नको, हेही मान्य.

शिधापत्रिका (धनकवडी)

मी निवृत्त आहे आणि घरात आम्ही तिघे आहोत : मी, यजमान आणि मुलगा. धागा वाचून मागच्या महिन्याची वाण्याची यादी काढली. तेल पाच लिटर, तूप अर्धा किलो, साखर चार किलो, तूरडाळ दोन किलो, मूग-मटकी मिळून एक किलो, शेंगदाणे दीड किलो, मीठ एक किलो. तोलकाटा यांनी हिशेब करून द्यावा. मात्र आधीच सांगते की यातले सगळे आमच्या पोटात जात नाही. देवापुढचा आणि तुळशीपाशी लावायचा दिवा याच तेलातून होतो. कामाच्या बाईंचा आणि येणाऱ्याजाणाऱ्यांचा चहा आमच्याच साखरेतून होतो. मीठ लोणच्याला लागले होते, आणि ते लोणचे वर्षभर पुरेल. तुमचे यंत्र हे सगळे आमच्या नावावर मांडणार असेल तर तो अन्याय होईल.

आणखी एक. डाळीचा आकडा वाचून मी चकित झाले होते, पण नंतर लक्षात आले की बेसन, थालीपिठाची भाजणी, इडलीचे उडीद, डोशाचे पीठ, मेतकूट, पापड यांत डाळच असते आणि ती यादीत वेगळ्या नावाने येते किंवा गिरणीतून दळून येते. यंत्राने ती धरली पाहिजे.

तोलकाटा

काकू, आपण दिलेली यादी म्हणजे या साधनाची पहिली खरी परीक्षा आहे. तूर्त मेतकूटताईंचे गुणक न लावता, तीन माणसे, तीस दिवस असे धरून मांडतो.

तेल-तुपाचे माप २ किलो ४३० ग्रॅम बसते. पाच लिटर तेलाचे साडेचार किलो आणि अर्धा किलो तूप मिळून आपल्याकडे पाच किलो आले. दिव्यासाठी एक लिटर बाजूला काढले आणि तळणीचे उरलेले तेल टाकून दिले असे धरले, तरी आकडा मापाच्या दीडपट राहतो. साखरेला जागतिक आरोग्य संघटनेची कडक मर्यादा लावली तर तिघांना सव्वादोन किलो आणि सैल मर्यादा लावली तर साडेचार किलो. चार किलोंतून बाहेरच्यांचा चहा वजा केला तर आपण या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहात. पण इथे मुलाने बाहेर घेतलेले शीतपेय आणि घरात आलेली बिस्किटे धरलेली नाहीत, हे विसरता येत नाही. मीठ ४५० ग्रॅम हवे. लोणच्याचे बाजूला ठेवून पुढच्या महिन्याची पिशवी किती दिवस पुरते ते पाहावे. डाळींचे माप ७ किलो ६५० ग्रॅम, आपल्याकडे तीन किलो आणि लपलेली डाळ. शेंगदाणे मात्र दीड किलो आहेत. तेलबियांचे माप ३ किलो १५० ग्रॅम असल्यामुळे तिथे आपण निम्म्यावर आहात. घरात तीळ, जवस, कारळे यांची चटणी होत असेल तर त्याहूनही पुढे.

दिवा, पाहुणे, लोणचे-पापड आणि कामाला येणाऱ्यांचा चहा यांसाठी ‘यातले घराबाहेर किती गेले’ असा एक रकाना प्रत्येक वस्तूसमोर ठेवतो. हा रकाना मला कोणत्याही तयार ॲपमध्ये आढळलेला नाही, आणि तो नसेल तर पुण्यातल्या निम्म्या घरांचा हिशेब चुकेल. बेसन पूर्णपणे डाळीत धरावे. भाजणीचा अर्धा भाग डाळीत आणि अर्धा धान्यात धरण्याचा विचार आहे. प्रमाण घरोघरी वेगळे असते, म्हणून ते बदलण्याची मुभा ठेवू.

पाणंद (हडपसर)

माझा मुद्दा वेगळा आहे. अशा प्रत्येक साधनात उंची-वजन भरून ‘बॉडी मास इंडेक्स’ (उंचीच्या तुलनेत वजनाचा निर्देशांक) काढण्याची चौकट असतेच, आणि हिरवा रंग दिसला की माणूस निर्धास्त होतो. ती चौकट इथे घालू नये, अशी माझी विनंती आहे, आणि त्याला पुण्यातलाच आधार आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनमधले जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. दोघांचाही निर्देशांक २२.३ होता. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के होती आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. म्हणजे तक्त्यात दोघेही एकाच हिरव्या घरात, आणि आत दुपटीहून अधिक फरक. याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या गावांतल्या गरोदर स्त्रियांचा जो दीर्घ अभ्यास १९९३ पासून केला, त्यात आपल्याकडची बाळे वजनाने कमी असूनही त्यांच्या अंगातल्या चरबीचे प्रमाण तुलनेने टिकून असते, असे दिसले. त्याच अभ्यासात हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा घेणाऱ्या मातांची बाळे चांगल्या वजनाची आढळली, हेही इथे नोंदवण्यासारखे आहे.

काही मोजायचेच असेल तर कंबर मोजायला सांगावे. भारतीयांसाठी पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर ही मर्यादा वापरतात. शिंप्याची टेप बहुतेक घरांत सापडते.

मेतकूट

पाणंद यांच्याशी पूर्ण सहमत. किशोरवयीन मुलींच्या हातात वजनाचा आणि कॅलरींचा आकडा देण्याबाबत मी स्वतः फार सावध असते. उपाशी राहण्याची सवय लागायला तेवढे निमित्त पुरते. किराणा यादीचा हिशेब घराचा असल्यामुळे तो कोणा एकीच्या अंगावर येत नाही, हा त्याचा गुण मला पहिल्या वाचनात जाणवला नव्हता. त्याच कारणासाठी साधनाने गुण किंवा तारे देऊ नयेत. ‘डाळ सुमारे चार किलोंनी कमी’ एवढे सांगून थांबावे.

ताऱ्यांवरून आठवले. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने सप्टेंबर २०२२ मध्ये पाकिटाच्या दर्शनी बाजूला तारे देण्याचा मसुदा प्रसिद्ध केला, तेव्हा त्यावर मोठा आक्षेप हाच होता की साखर भरपूर असलेल्या पदार्थात थोडे तंतू किंवा सुकामेवा घातला की गुणांची भरपाई होऊन तारे वाढतात. चिली या देशाने २०१६ पासून वेगळा मार्ग धरला. साखर, मीठ, संपृक्त चरबी किंवा कॅलरी मर्यादेपलीकडे गेल्या की पाकिटावर काळा अष्टकोन येतो, आणि एका दोषाची दुसऱ्या गुणाने भरपाई होत नाही. तुमच्या साधनानेही डाळीची वाढ तेलाच्या वाढीशी वजा करून एकत्रित शेरा देऊ नये.

कळफलक

गुण नाहीत, तारे नाहीत, लॉगिन नाही, बॉडी मास इंडेक्स नाही. माझे काम सोपे होत चालले आहे. मग उरते काय, तर दोन पाने : एक यादीचे, एक लेबलचे.

एक सुचवतो. आकडा दाखवण्याआधी वापरणाऱ्याला अंदाज विचारावा. ‘तुमच्या घराला महिन्याला किती डाळ लागावी, असे तुम्हाला वाटते?’ त्याने दोन किलो लिहिले आणि उत्तर साडेसात आले, की ती तफावत लक्षात राहते. नुसता साडेसातचा आकडा दुसऱ्या दिवशी विसरला जातो.

बाहेरचं जेवण (बाणेर)

आमच्यासारख्या घरांचे काय, जिथे आठवड्यातले निम्मे जेवण डब्याचे किंवा बाहेरचे असते? आमची किराणा यादी पाहिली तर आम्ही संन्यासी ठरू. दहा किंवा अधिक शाखा असलेल्या उपाहारगृहांना पदार्थाच्या कॅलरी दाखवणे जुलै २०२२ पासून बंधनकारक आहे, परंतु खानावळ, पोळीभाजी केंद्र आणि अमृततुल्य त्यात येत नाहीत.

तोलकाटा

त्यासाठी यादीत ‘आठवड्याला किती जेवणे घरी’ हा प्रश्न ठेवतो आणि माप त्या प्रमाणात कमी करतो. एकवीसपैकी दहा जेवणे घरी होत असतील, तर तेल, डाळ, मीठ सगळ्यांचे माप निम्म्याखाली येईल, आणि तरीही घरचे तेल मापाबाहेर असेल तर ते दिसून येईल. बाहेरच्या जेवणाचा अंदाज बांधण्याचा प्रयत्न मी करणार नाही. तो आकडा विश्वासार्ह नसेल आणि त्यामुळे शेजारच्या विश्वासार्ह आकड्यांवरचाही भरवसा जाईल. डबा लावला असेल तर डबेवाल्या काकूंना त्यांची यादी भरायला सांगता येईल. किती माणसांना महिन्याला किती तेल, एवढेच विचारायचे.

शिधापत्रिका

हिशेबाबद्दल आभार. तेल पाचाऐवजी चार लिटर लिहिले आहे आणि दिव्याचे वेगळे आणले आहे, म्हणजे घोळ नको. डाळ वाढवायची तर यजमानांना रोज उसळ नको असते, म्हणून ज्वारीच्या पिठात हरभरा दळून आणण्याचे ठरवले आहे. गिरणीवाले पाच किलोला एक किलो म्हणत आहेत. ते यादीत भाजणीच्या रकान्यात भरायचे की वेगळे?

तोलकाटा

वेगळे भरा, काकू. पाच किलो धान्यात, एक किलो डाळीत. भाजणीचा अर्धा-अर्धा नियम इथे लावला तर डाळ तिप्पट दिसेल.

अक्षरे मोठी ठेवून पहिला मसुदा कळफलक यांच्याकडून येत्या पंधरवड्यात होईल, तेव्हा दुवा इथेच देतो. तोवर ज्यांना जमेल त्यांनी माणसांची संख्या, घरी होणारी जेवणे आणि यादीतली तेल, तूप, साखर, मीठ, डाळी व शेंगदाणे यांची वजने इथे लिहावीत. नाव-पत्ता नको.